आईचा फोन, स्पिरिट रोव्हर आणि परतीची वाट

जुना_कीबोर्ड

मागच्या आठवड्यात आईचा फोन अचानक बंद-चालू बंद-चालू व्हायला लागला. लोगो येतो, होमस्क्रीन दिसल्यासारखा होतो, आयकॉन पूर्ण उमटायच्या आत परत काळा, परत लोगो, असं रात्रभर. सकाळपर्यंत बॅटरी संपली आणि फोन तव्यासारखा गरम. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल, आतलं काही मिळणार नाही. आता आतलं काही म्हणजे काय, तर सहा वर्षांचे फोटो, त्यात बाबांचे शेवटच्या दोन वर्षांतले सगळे, आणि बॅकअप शून्य. आई काही बोलली नाही, नुसती तो बंद फोन हातात धरून बसून राहिली. मी म्हटलं पुसायचं नाही, दे इकडे.

घरी आलो आणि डोकं जरा शांत झाल्यावर एकदम आठवलं की अरे हे तर अगदी स्पिरिटसारखं आहे! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्पिरिट हा नासाचा रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारी यंत्रगाडी, ४ जानेवारी २००४ ला मंगळावर उतरला आणि २१ तारखेला त्याच्याशी बोलणं जवळजवळ तुटलं. नंतर कळलं की तो सारखा रीस्टार्ट होत होता, साठाच्या वर वेळा झाला, रात्री झोपायचं ते झोपतही नव्हता, त्यामुळे बॅटरी खाली जात होती आणि आतून तापत होता. कारण काय तर फ्लॅश मेमरीत, म्हणजे बंद केलं तरी टिकणाऱ्या साठवणीत, फाइली फार साठल्या होत्या, प्रवासात जमलेल्या जुन्या फाइलीसुद्धा तशाच पडलेल्या. चालू होताना कॉम्प्युटर त्या सगळ्या फाइलींची यादी रॅममध्ये, म्हणजे चालू कामापुरत्या मेमरीत, घ्यायला जायचा, यादी मावायची नाही, चूक झाली म्हणून रीस्टार्ट, आणि रीस्टार्ट झाल्यावर पहिलं काम काय, तर तीच यादी परत घ्यायची. सुटायला वावच नाही. पण नासाच्या लोकांनी आधीच एक सोय करून ठेवली होती की बाहेरून कमांड दिली तर फ्लॅशला हातच न लावता नुसत्या रॅमवर उठायचं. तसा उठवला, मग नको त्या फाइली काढल्या, फ्लॅश नीट केली, आणि जो रोव्हर ९० मंगळदिवसांसाठी पाठवला होता तो २०१० च्या मार्चपर्यंत बोलत राहिला.

मग मी आईचा फोन सेफ मोडमध्ये उठवला. म्हणजे आपण टाकलेली ॲप सुरू न करता. उठला! आणि उठून स्थिर राहिला. स्टोरेज बघितलं तर जागा जवळपास शून्य, चॅटमधून आपोआप उतरलेले व्हिडिओच नुसते. आधी केबल लावून फोटो सगळे लॅपटॉपवर घेतले, दोनदा मोजले, मग व्हिडिओ काढले, मग नेहमीसारखा चालू केला. चालला.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. वस्तू कधीच बिघडू नये ही अपेक्षा मी सोडलीय, पण बिघडली तर परत यायची एक वाट तिच्यात ठेवलेली असायलाच पाहिजे आणि ती वाट ज्याच्या हातात वस्तू आहे त्याला माहीत पाहिजे. आईच्या फोनमध्ये वाट होती, पण आईला नाही माहीत, मला नाही माहीत, दुरुस्तीवाल्यालाही नाही, किंवा माहीत असून त्याने पाहिली नाही. तुमचं काय मत? आणि अशी वाट ठेवलेली उदाहरणं असतील, घरातली किंवा अंतराळातली, तर लिहा.

रात्रपाळी

आधी फोटो वाचले याचा फार आनंद झाला. आईंना नमस्कार सांगा.

विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. मी लांबचे सर्व्हर सांभाळतो, म्हणजे मशीन एका ठिकाणी आणि मी भलत्याच ठिकाणी. नोकरीच्या पहिल्या वर्षी फायरवॉलचा, म्हणजे कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याचा, एक नियम बदलला आणि एंटर मारल्या क्षणी माझंच कनेक्शन गेलं. मी स्वतःलाच बाहेर कोंडलं होतं, आतून कडी! कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन कीबोर्ड लावेपर्यंत चार तास सगळं बंद. तेव्हापासून नियम असा की काही बदलायच्या आधी मशीनला सांगून ठेवायचं, दहा मिनिटांत मी 'ठीक आहे' म्हटलं नाही तर तुझं तू जुन्यावर परत जा. तुम्ही सगळ्यांनी हे पाहिलेलं आहे, स्क्रीनचं रेझोल्यूशन बदललं की विचारतं 'हे ठेवायचं का' आणि पंधरा सेकंद आकडे उलटे मोजतं. समजा स्क्रीन काळी पडली तर तुम्हाला बटण दिसणारच नाही, म्हणून काही न करणं म्हणजेच 'नको' असं धरलंय. ज्याने हे पहिल्यांदा सुचवलं त्याला माझा दंडवत.

आता हेच व्हॉयेजर २ वर झालं, नासाचं सूर्यमालेच्या पार लांब गेलेलं यान. जुलै २०२३ मध्ये पृथ्वीवरून एक चुकीची कमांड गेली आणि यानाची अँटेना पृथ्वीपासून फक्त २ अंश सरकली. दोन अंश म्हणजे आपल्याला काहीच नाही वाटत, पण तेवढ्या अंतरावर पुरे झालं, बोलणं बंद. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या मोठ्या डिशवरून जास्तीत जास्त ताकदीने कमांड पाठवली, अक्षरशः ओरडून हाक मारल्यासारखी, आणि ४ ऑगस्टला यान परत नीट बोलायला लागलं. मला आवडलेला भाग वेगळाच आहे. ती हाक पोचली नसती तरी १५ ऑक्टोबरला यानाने स्वतःहून आपली दिशा परत पृथ्वीकडे जुळवली असती, कारण वर्षातून काही वेळा तसं करायचं हे त्याच्यात आधीच घातलेलं आहे. तेच दहा मिनिटांचं टायमर, फक्त काही महिन्यांचं. १९७७ ला सोडलेल्या यानात. कोणीतरी तेव्हा बसून विचार केला की उद्या आमचाच माणूस चुकेल, तर?

सुटा_स्क्रू

+१. 'आमचाच माणूस चुकेल' हे मान्य करणं सगळ्यात अवघड असतं.

बिट_उलटा

धागा आवडला, पण थोडा विरोध नोंदवतो, रागावू नका.

व्हॉयेजर, स्पिरिट यांच्याशी फोनची तुलना करताना एक गोष्ट सुटतेय. व्हॉयेजर २ ला कमांड देऊ शकेल अशी अँटेना जगात एकच आहे, ती कॅनबेराची ७० मीटरची. रस्त्यावरचा चोर ती खिशात घालून येऊ शकत नाही. तुमचा फोन मात्र रोज गर्दीतून फिरतो. परतीची वाट म्हणजे मागचं दार, आणि मागचं दार मालकाला उघडतं तसं चोरालाही उघडतं. फोनमध्ये सेफ मोड, रिकव्हरी वगैरे आहे पण लपवलेलं आहे, पासवर्डशिवाय आतलं वाचता येत नाही, पुसून टाकला तरी जुन्या खात्याचा पासवर्ड विचारतो, हे सगळं मुद्दाम आहे आणि मला विचाराल तर बरोबर आहे. दुरुस्तीवाल्याला आतले फोटो सहज काढता आले असते तर तुम्हाला जास्त भीती वाटायला हवी होती.

दुसरं, व्हॉयेजरला ठरलेली कामं आहेत. फोनवर रोज नवीन ॲप, नवीन फाइल प्रकार, नवीन हल्ले. त्यातला प्रत्येक बाइट कोणाला तोंडपाठ असणं शक्यच नाही.

जुना_कीबोर्ड

बिट_उलटा, रागावायचं काय त्यात, मुद्दा एकदम रास्त आहे आणि मी लिहिताना त्याचा विचार केला नव्हता. कुलूप पाहिजेच. पण बघा, माझ्या प्रसंगात कुलूप आडवं आलंच नाही. पासवर्ड आईला माहीत होता. माहीत नव्हतं ते हे की बटण किती वेळ दाबून धरायचं. दार कुठे आहे हे लपवून सुरक्षितता वाढत नाही, किल्ली मालकाकडे असली की झालं. फोन सलग पाच-सहा वेळा आपोआप बंद पडला तर त्याने स्वतःच साध्या शब्दांत सांगावं ना, की बाई तुझी जागा भरलीय, मी आता फक्त जरुरीपुरतं चालू करतो, पासवर्ड टाक आणि फोटो बाहेर काढून घे. एवढंच मागणं आहे.

निळी_शाई

मी तांत्रिक नाही, शाळेत भाषा शिकवते, पण हा धागा दोनदा वाचला. एक विचारू का? व्हॉयेजरचं कॉम्प्युटर इतकं जुनं, मग त्यात बिघाड झाला तर इतक्या लांबून दुरुस्त करतात म्हणजे नेमकं काय करतात? तिकडे हात तर पोचत नाही. सोप्या भाषेत सांगाल का कोणी.

जुना_कीबोर्ड

ताई, छान प्रश्न आणि याचं अगदी ताजं उदाहरण आहे, जरा लांबण लागेल पण सांगतोच.

व्हॉयेजरवर तीन प्रकारची कॉम्प्युटर आहेत आणि सगळ्यांची मिळून मेमरी जवळपास ७० किलोबाइट. आईच्या फोनमधला एक साधा फोटोसुद्धा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. यातलं एक कॉम्प्युटर यंत्रांकडून आलेली माहिती गोळा करून, नीट बांधून पृथ्वीकडे पाठवायला देतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर १ कडून येणारी माहिती एकदम निरर्थक झाली, शून्य आणि एकचा तोच तोच नमुना, जसं एखादं माणूस फोन उचलतंय पण नुसतं हं हं हं करतंय. यान जिवंत आहे, कमांड घेतंय, पण काय दुखतंय हे सांगता येत नाहीये.

यान तेव्हा २४ अब्ज किलोमीटरवर. रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो तरी एका बाजूला साडेबावीस तास. म्हणजे आज सकाळी प्रश्न विचारला तर उत्तर परवा सकाळी. आणि मदतीला काय, तर त्या काळच्या इंजिनिअरांनी लिहिलेली कित्येक दशकांपूर्वीची कागदपत्रं. १ मार्च २०२४ ला त्यांनी एक कमांड पाठवली, साधारण अर्थ असा की तुझा नेहमीचा प्रोग्रॅम जिथे अडकलाय ती जागा सोडून दुसऱ्या वाटेने जाऊन बघ. ३ तारखेला आलेल्या संदेशाचा एक तुकडा नेहमीपेक्षा वेगळा दिसला. तोही सरळ वाचता येत नव्हता, पण अँटेना सांभाळणाऱ्या खात्यातल्या एका इंजिनिअरने तो उलगडला, आणि निघालं काय तर त्या कॉम्प्युटरच्या सगळ्या मेमरीची नक्कल! मग ती नक्कल आधीच्या चांगल्या नकलेशी ताडून बघितली. साधारण ३ टक्के मेमरी खराब, एका चिपवरची, आणि चिप तर बदलता येत नाही.

आता इथे तुमच्या विषयातलं उदाहरण देतो. समजा वहीचं एक पान भिजलं आणि त्यावरचा मजकूर दुसरीकडे लिहायचाय, पण एक पूर्ण कोरं पान कुठेच नाही, फक्त इथे चार ओळी, तिथे सहा ओळी समास मोकळा आहे. मग मजकुराचे तुकडे करायचे, जागा मिळेल तिथे लिहायचे, आणि प्रत्येक तुकड्याशेवटी 'पुढचं अमुक पानावर बघा' असं लिहायचं. शिवाय इतर पानांवर जिथे जिथे 'भिजलेल्या पानावर बघा' लिहिलं होतं ते सगळं बदलायचं. एक जागा जरी विसरली तरी वाचणारा भलतीकडे जाणार. त्यांनी हे प्रोग्रॅमच्या बाबतीत केलं. १८ एप्रिलला पहिला भाग पाठवला, २० तारखेला यानाने पाच महिन्यांत पहिल्यांदा आपली तब्येत कळवली. जूनमध्ये उरलेली चारही वैज्ञानिक उपकरणं परत माहिती देत होती.

हे वाचताना माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, खरं सांगतो.

निळी_शाई

समजलं, आणि वहीचं उदाहरण मी उद्या वर्गात सांगणार आहे. मुलांना कागदपत्रं जपून ठेवण्याबद्दल आम्ही सांगतो ते त्यांना कंटाळवाणं वाटतं, पण कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वी नीट टिपून ठेवलं नसतं तर हे जमलंच नसतं, हो ना?

जुना_कीबोर्ड

अजिबात जमलं नसतं.

चौकट_१४

अवांतर आहे पण इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारतो. माझा जुना डेस्कटॉप आहे, नऊ-दहा वर्षांचा. गेले काही दिवस चालू केला की इंटरनेट आहे असं दाखवतो पण कुठलीच साइट उघडत नाही, सगळीकडे 'कनेक्शन सुरक्षित नाही'. राउटर बदलून बघितला, केबल बदलली. आता सगळं नव्याने टाकायला घेणार होतो, पण हा धागा वाचून थांबलो.

सुटा_स्क्रू

चौकट_१४, थांबलात ते फार बरं केलंत. काही पुसू नका. खाली कोपऱ्यात तारीख काय दाखवतोय ते सांगा.

चौकट_१४

१ जानेवारी, आणि साल कित्येक वर्षं मागचं! हे कसं लक्षात आलं नाही माझ्या.

सुटा_स्क्रू

मग सापडलं. मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपला की घड्याळ आपल्या जन्मतारखेवर जातं. प्रत्येक साइट आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' असं असतं. तुमचा कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागे बसून ते बघतोय, त्याच्या हिशोबाने सगळी प्रमाणपत्रं अजून सुरूच व्हायची आहेत, म्हणून सगळेच खोटे. राउटर, केबल, सगळं निर्दोष. तुम्ही भिंतीवरचं बटणही बंद करता का रोज? तसं केलं की सेल लवकर संपतो, कारण एरवी बोर्डला थोडी वीज मिळत असते आणि सेल वाचतो. सेल बदलताना प्लग काढा, जुना कसा बसलाय त्याचा फोटो काढून ठेवा, अधिक चिन्हाची बाजू वर.

आणि हे अवांतर मुळीच नाही, कारण नेमकं हेच मंगळावर झालेलं आहे! इंजेन्युइटी, ते छोटं हेलिकॉप्टर, १.८ किलोचं. मे २०२२ मध्ये तिकडे हिवाळा आणि हवेत धूळ, सोलर पॅनलवर पुरेसं ऊन पडेना. एका रात्री बॅटरी इतकी उतरली की त्याचं घड्याळ पुसलं गेलं. सकाळी ऊन आलं, चार्ज झालं, जागं झालं, पण त्याची वेळ आणि ज्याच्यामार्फत ते पृथ्वीशी बोलायचं त्या पर्सिव्हरन्स रोव्हरची वेळ जुळेना. ठरलेल्या वेळी रोव्हर ऐकायला बसतो आणि हे भलत्याच वेळी बोलतं, बसा. मग इंजिनिअरांनी रोव्हरला सांगितलं की बाबा तू आजचा पूर्ण दिवस दुसरं काही करू नकोस, नुसता कान देऊन बस. ५ मे ला त्याचा आवाज आला.

या हेलिकॉप्टरवर माझा फार जीव आहे म्हणून अजून दोन ओळी. त्याचा मुख्य प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ८०१ होता, २०१४ च्या सुमाराच्या फोनमध्ये असायचा तोच, आणि वर लिनक्स. शेजारी उभ्या पर्सिव्हरन्स रोव्हरचा प्रोसेसर मात्र किरणोत्सारापासून टिकणारा खास बनवलेला, आरएडी७५०, वेग २०० मेगाहर्ट्झपर्यंत. म्हणजे फोनची चिप कितीतरी वेगवान पण नाजूक. ती बिनधास्त एकटी सोडली नव्हती. तिच्या आजूबाजूला गाड्यांमध्ये वापरतात तसे दोन सुरक्षित मायक्रोकंट्रोलर, एक चुकला तर दुसरा हातात घेईल असे, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी अजून एक चिप. ५ उड्डाणं झाली तरी खूप म्हणत होते, झाली ७२. म्हणजे फोनमधलं सामान वाईट नसतंच, त्याच्याभोवती काय ठेवतो ते महत्त्वाचं. बिट_उलटा, तुमच्या मुद्द्याला हे माझं उत्तर धरा. प्रत्येक बाइट तोंडपाठ असायची गरज नाही, नाजूक भागावर नजर ठेवणारं एक लहान, साधं, पूर्ण समजलेलं काहीतरी शेजारी असलं की झालं.

बिट_उलटा

हे उत्तर आवडलं. 'लहान आणि पूर्ण समजलेलं' हे पटलं. माझ्याकडून अपोलो ११ जोडतो मग, कारण मला वाटतं या विषयातलं सगळ्यात सुंदर उदाहरण तेच आहे.

२० जुलै १९६९, यान चंद्रावर उतरतंय आणि कॉम्प्युटर १२०२ नावाची सूचना द्यायला लागतो. अर्थ काय तर माझ्याकडे कामं जास्त झालीत, नवीन कामाला मांडायला जागा उरली नाही. त्याची बदलती मेमरी फक्त २०४८ शब्दांची होती. त्या वेळी गरज नसलेलं एक रडार चालू होतं आणि त्याचे सिग्नल कॉम्प्युटरचा वेळ खात होते. आपला जुना लॅपटॉप अशा वेळी काय करतो? गोल चक्र फिरवत सगळंच अडकवून ठेवतो, माउससुद्धा हलत नाही. त्या कॉम्प्युटरने काय केलं, सगळं टाकून क्षणात रीस्टार्ट झाला आणि उठताना फक्त महत्त्वाची कामं परत घेतली, यान सांभाळणं, इंजिन चालवणं. बिनमहत्त्वाची कामं सोडून दिली. असं त्या उतरण्यात अनेकदा झालं आणि तरी ते उतरले. कुठलं काम आधी आणि कुठलं सोडलं तरी चालेल हे कोणीतरी शांतपणे बसून ठरवून ठेवलं होतं, म्हणून.

त्याचा पक्का प्रोग्रॅम तर तारेने विणलेला होता, खरोखरच विणलेला, तार चुंबकी कड्यातून गेली तर एक आणि बाहेरून गेली तर शून्य. कारखान्यातल्या बायकांनी हाताने विणला. एकदा विणला की बदल नाही. त्यामुळे आधी विचार करणं भागच होतं, 'पुढच्या अपडेटमध्ये बघू' हा पर्यायच नाही.

रात्रपाळी

अपडेटवरून आठवलं, मार्स पाथफाइंडर. १९९७ च्या जुलैमध्ये उतरलं आणि काही दिवसांनी मधूनच रीस्टार्ट व्हायला लागलं. झालं असं की एक कमी महत्त्वाचं काम एक सामायिक गोष्ट धरून बसायचं, तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाच्या कामाला हवी असायची, आणि मध्ये तिसरंच मधल्या महत्त्वाचं काम लांबलचक चालायचं, त्यामुळे पहिल्याला ती गोष्ट सोडायची संधीच मिळायची नाही. जिन्यात वर ॲम्ब्युलन्सवाले थांबलेत, खाली एक म्हातारे गृहस्थ दार धरून उभेत, आणि मधल्या पायऱ्यांवर लोक गप्पा मारतायत, तसं. नजर ठेवणाऱ्या टायमरला वाटायचं सगळं अडकलं, तो रीस्टार्ट करायचा.

हे पृथ्वीवर सापडलं कसं? त्यांनी तपासणीसाठी घातलेली नोंदी ठेवायची सोय उड्डाणाआधी काढून टाकली नव्हती. पृथ्वीवरच्या तशाच प्रतीवर तीच परिस्थिती तयार केली, बिघाड पुन्हा घडवला, आणि एक सेटिंग बदलायचा छोटा पॅच मंगळावर पाठवला. माझ्या टीममध्ये नवीन मुलं येतात ती म्हणतात लॉग बंद करू, जागा खातात. मी त्यांना हीच गोष्ट सांगतो.

आणि उलट उदाहरण पण सांगायला हवं, नाहीतर चित्र एकांगी होईल. डीप इम्पॅक्ट नावाचं नासाचं यान ऑगस्ट २०१३ मध्ये कायमचं गेलं. त्याचं घड्याळ १ जानेवारी २००० पासून सेकंदाचे दहावे भाग मोजत होतं, ३२ बिटांच्या खणात. गणित करून बघा, तो खण ऑगस्ट २०१३ मध्येच भरतो. तपासात रोख त्याच्यावरच गेला, कॉम्प्युटर सारखे रीस्टार्ट होत राहिले असणार आणि अँटेना पृथ्वीकडे नसेल तर सांगायचं तरी कसं. स्पिरिटचाच आजार, पण इथे बाहेरून पोचायची वाट राहिली नाही.

चौकट_१४

हा २०३८ वाला प्रकार तोच का? कुठेतरी वाचलंय.

रात्रपाळी

त्याच घराण्यातला. खूप सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. ३२ बिटांत, त्यातलं एक बिट चिन्हाला, तर १९ जानेवारी २०३८ ला जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी खण भरतो आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ च्या डिसेंबरमध्ये. नवीन फोन, लॅपटॉप ६४ बिटांवर गेलेत, त्यांची काळजी नाही. काळजी त्या वस्तूंची ज्या भिंतीत, यंत्रात बसवून आपण विसरून गेलोय, ज्यांना अपडेट द्यायची वाटच ठेवलेली नाही.

निळी_शाई

आपल्या चंद्रयानाबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून?

सुटा_स्क्रू

लिहायलाच पाहिजे, धन्यवाद आठवण केल्याबद्दल. सप्टेंबर २०१९ ला चंद्रयान २ चा लँडर शेवटच्या टप्प्यात गेला, ती रात्र आम्ही सगळे जागे होतो. त्यानंतर चंद्रयान ३ करताना तेव्हाचे इस्रोप्रमुख सोमनाथ सरांनी जाहीरपणे सांगितलं होतं की या वेळी आम्ही काय काय फसू शकतं तिथून सुरुवात केलीय आणि ते फसलं तरी कसं उतरायचं ते बघितलंय. उतरायची जागा आधी ५०० मीटर बाय ५०० मीटर होती ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. इंधन जास्त, पाय मजबूत, पाचाऐवजी चार इंजिनं, वेग मोजायला नवीन लेझर उपकरण. २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं. मला त्यातलं जागेचं वाढवणं सगळ्यात आवडतं, कारण त्यात नवीन यंत्र काही नाही. नेमक्या एका ठिपक्यावर उतरण्याचा हट्ट सोडला आणि चुकायला जागा ठेवली, बस.

जुना_कीबोर्ड

सगळ्यांचे मनापासून आभार, मी चार ओळींचे प्रतिसाद येतील असं धरून चाललो होतो.

'चुकायला जागा ठेवणं' यावरून काल आईच्या फोनमध्ये केलं ते लिहितो. चॅटमधले व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं. फोटोंची एक नक्कल लॅपटॉपवर आणि एक वेगळ्या हार्डडिस्कवर, ती डिस्क बहिणीकडे राहणार. स्टोरेज ८० टक्क्यांच्या वर गेलं तर मला सांगायचं हे आईला दाखवून ठेवलं, कुठे बघायचं ते तिने स्वतः तीनदा करून बघितलं. आणि फोन परत तसा करायला लागला तर कुठलं बटण किती वेळ धरायचं ते तिने तिच्या फोन नंबरांच्या वहीत शेवटच्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलंय. मी टाइप करून छापून देतो म्हटलं तर नको म्हणाली, मी लिहिलेलं मला कळतं.

बिट_उलटा

वहीत पासवर्ड नाही ना लिहिला शेजारी?

जुना_कीबोर्ड

नाही, तो तिला पाठ आहे. तेवढं मीच सांगितलं.

चौकट_१४

सेल बदलला. प्लग काढला, फोटो काढला, अधिक बाजू वर. जुना सेल मल्टिमीटरवर दोन व्होल्टसुद्धा दाखवत नव्हता. चालू केल्यावर तारीख एकदा हाताने टाकली, सगळ्या साइट उघडल्या, हा प्रतिसाद त्याच कॉम्प्युटरवरून लिहितोय. झाकण उघडलंच होतं तर पंख्यातली धूळ पण काढली, आवाज निम्मा झालाय. झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवून सेल बदलल्याची तारीख लिहून ठेवलीय.